त्यांना ते दिसतच नाही गं

बयो, परवा तू आलीस आणि तासाभरात परत गेलीस. पेणहून कासू, नागोठणे करत आमच्या निडीला उतरलीस, ओटीवर टेकलीस, चहा घेतलास. पण डोक्याला मार लागून घरी आलेले जावईबापू शेजारीच बसलेले. तुला मनातलं बोलता आलं नाही आणि मलाही काही सांगता आलं नाही. निघताना स्टेशनवर माझा हात घट्ट धरून तू एवढंच म्हणालीस, "ताई, हे म्हणतात मला काही झालंच नाही. मग मलाच वेड लागलंय का?" तेवढ्यात गाडी आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून आज सगळं सांगायला बसले आहे. कामं आटोप, दार लोटून घे आणि निवांत ऐक.

पहिली गोष्ट. तुला वेड लागलेलं नाही, आणि तेही खोटं बोलत नाहीत. त्यांना ते खरंच दिसत नाही. हे एकदा तुझ्या मनात पक्कं बसलं ना, की तुमच्या घरातली निम्मी भांडणं मिटतील. आम्हाला हे कळायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात आम्ही एका चांगल्या माणसाला फार छळलं. तू ते करू नयेस म्हणून हा खटाटोप.

आमच्या भाऊजींचं, माझ्या दिराचं, तुला वरवर माहीत आहे. पावसाळ्यातली संध्याकाळ होती. धाटावच्या एका कारखान्यात ते फिटर होते. नागोठण्याला मित्राकडे जाऊन महामार्गावरून मोटारसायकलवर येत होते. पळस्पे ते इंदापूर या पट्ट्याचं चौपदरीकरण २०११ पासून चाललेलं, त्या रस्त्याने आपल्या भागात किती घरांत अंधार केला ते तुला सांगायला नको. खड्डा पाण्याने भरलेला होता. हेल्मेट होतं, पण कोपराला अडकवलेलं. महिनाभर हॉस्पिटलात होते, त्यातले अकरा दिवस बेशुद्ध. घरी आले तेव्हा चालत होते, बोलत होते, सगळ्यांना नावानिशी ओळखत होते. सासूबाईंनी गावात पेढे वाटले. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, जीसीएस १५.

तुझ्याकडच्या कार्डावरही तोच आकडा असेल. तो काय सांगतो ते समजून घे. १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी ही जीसीएसची मोजपट्टी बनवली. माणूस डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्याप्रमाणे हातपाय हलवतो का, एवढंच ती मोजते. कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. पंधरापैकी पंधरा म्हणजे माणूस पूर्ण जागा आहे. त्याला राग आवरतो का, पैशाचा हिशोब जमतो का, आपलं काय चुकतंय ते उमगतं का, हे त्या आकड्यात कुठेच नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. आम्ही तो आकडा वाचून सुटकेचा श्वास टाकला.

मग एकेक दिसू लागलं. चहा पिऊन झाल्यावर दहा मिनिटांनी, "आज चहा नाही का?" चुलीवर सुकट करपून घरभर धूर झाला, तरी शेजारी बसलेले भाऊजी शांत. पोराच्या हातून पेला पडला तर ताट भिरकावलं. कुणी हात पसरला की खिशातले पैसे काढून दिले. आणि काही सांगायला जावं तर एकच वाक्य: "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे." हट्टाने कामावर गेले. तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं, तर म्हणाले, साहेबांना माझं बरं बघवत नाही.

आता हे असं का होतं ते सांगते. मुंबईत एका न्यूरोसायकॉलॉजिस्ट बाईंनी, म्हणजे मेंदूला मार लागल्यावर वागणं कसं बदलतं ते जाणणाऱ्या तज्ज्ञांनी, आम्हाला समोर बसवून समजावलं, तसंच तुला सांगते. आपल्या कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, तो घरातल्या कर्त्या माणसासारखा असतो. बेत आखणं, राग गिळणं, काम सुरू करणं, आणि आपण कसं वागतोय यावर नजर ठेवणं ही त्याची कामं. कवटीचा तळ डोळ्यांच्या वर गुळगुळीत नसतो, खडबडीत असतो. जोराचा धक्का बसला की मेंदू त्यावर घासतो, म्हणून डोकं मागून आपटलं तरी इजा पुढे होऊ शकते. वासाचे बारीक तंतूही तिथूनच जातात, तेही तुटतात. सुकट करपल्याचं भाऊजींना का कळलं नाही ते मला तेव्हा उमगलं. आम्ही तर त्यांना घराची काळजीच नाही म्हणून बोल लावले होते.

आणि आता खरी मेख. ज्या भागाने आपली चूक आपल्याला कळायची, तोच भाग दुखावलेला असतो. बाजारातली तागडीच बिघडली, तर ती बिघडली आहे हे ती स्वतः कशी सांगणार? तिच्या दृष्टीने माप बरोबरच असतं. जावईबापू तसेच आहेत. त्यांच्या मनात स्वतःचं जे चित्र आहे ते अपघाताच्या आदल्या दिवशीचं आहे. ते त्याच चित्राकडे बघून तुला उत्तर देतात.

याला डॉक्टरांच्या भाषेत नाव आहे, अॅनोसोग्नोशिया. आजाराची जाण नसणं, एवढाच त्याचा अर्थ. १९१४ साली पॅरिसमध्ये बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी हा शब्द बनवला. त्यांच्या रुग्णांची डावी बाजू लुळी पडली होती आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. हात उचला म्हटलं तर उचलला असंच त्यांना वाटे. म्हणजे बघ, शंभराहून जास्त वर्षं ही गोष्ट माहीत आहे. तुझ्या घरात काही अघटित घडलेलं नाही. गावात कुणी म्हणेल बाहेरचं झालंय, अंगारा लावा, गंडा बांधा. तुझ्या मनाच्या शांतीसाठी देवळात जरूर जा. पण गोळ्या एक दिवसही बंद करू नकोस, विशेषतः फीट येऊ नये म्हणून दिलेल्या. आणि दारूचा थेंब घरात येऊ देऊ नकोस, कारण मार लागलेल्या मेंदूला ती झेपत नाही.

याच्या उलटही घडतं. लुरिया नावाचे एक मोठे रशियन शास्त्रज्ञ होते. १९४३ साली युद्धात डोक्यात गोळी लागलेल्या झासेत्स्की नावाच्या एका सैनिकाची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. त्याला वाचता येईना, उजवं-डावं कळेना, आपले हातपाय कुठे आहेत ते उमगेना. पण कपाळामागचा भाग शाबूत होता. त्यामुळे आपलं काय हरवलंय ते त्याला पुरतं कळत होतं. पंचवीस वर्षं तो अक्षर अक्षर जुळवत लिहीत राहिला, जवळजवळ तीन हजार पानं. इतकं गमावलेला तो माणूस झगडू शकला, कारण त्याला आपली दशा दिसत होती. आपल्या माणसाला ती दिसत नाही, म्हणून तो झगडायलाच तयार नसतो. "व्यायाम कशाला? वही कशाला? मला काय झालंय?" आळस नाही गं तो.

आता माझी चूक सांगते. हे मी फार थोड्यांजवळ बोलले आहे.

मला वाटलं, पुरावा दाखवला की भाऊजींना पटेल. मी कॅलेंडरवर त्यांच्या चुका लिहायला लागले. सोमवारी गॅस चालू ठेवला, मंगळवारी दोनदा जेवायला मागितलं, बुधवारी धाकटीवर ओरडले. महिना भरला तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर सासऱ्यांसमोर, मुलांसमोर मी ते सगळं वाचून दाखवलं. माझा हेतू वाईट नव्हता. पण भाऊजींचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एक शब्द न बोलता उठले आणि स्टेशनवर जाऊन बसले. एक्स्प्रेस गाड्या आमच्याकडे थांबत नाहीत, धडधडत निघून जातात. ते फलाटावर त्या गाड्या बघत बसलेले. माझा नवरा जाऊन त्यांना मध्यरात्री घेऊन आला. त्यानंतर चार महिने ते माझ्याशी मोकळं बोलले नाहीत.

त्या बाईंना मी हे रडत रडत सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही त्यांना त्यांचं वैगुण्य दाखवलंत, पण ते बघायची ताकद आधी त्यांच्यात यायला हवी होती. ती ताकद वाद घालून येत नाही. ती सरावाने येते, आणि चारचौघांत नाही, एकट्यात येते.

त्यांनी मला भान येण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. क्रॉसन नावाच्या अमेरिकन मानसतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्या मांडल्या होत्या. पहिली पायरी, आपल्याला अडचण आहे हे निदान ऐकून माहीत असणं. "डॉक्टर म्हणतात माझ्या लक्षात राहत नाही," एवढं म्हणता येणं. दुसरी, चूक घडत असताना कळणं. "अरे, मी मीठ दुसऱ्यांदा टाकतोय." तिसरी, चूक घडण्याआधीच कळणं. "आज बाजारात गर्दी असेल, मला गोंधळायला होईल, मी यादी घेऊन जातो." आम्ही भाऊजींना पहिल्या पायरीवरही न चढवता तिसरीवर उभे राहा म्हणत होतो.

तुझे यजमान गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. डोळ्यांची आखणी म्हणजे त्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट, हात जरा हलला की मूर्तीची मुद्राच बदलते. आणि आता तेच ते मागताहेत, "मला आखणी द्या." तुला वाटतं सरळ नाही म्हणावं. तसं म्हणू नकोस. आम्ही भाऊजींशी जे केलं ते ऐक.

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या संस्थेत डोक्याला मार लागलेल्यांचं लक्ष सुधारण्यासाठी जे सराव वापरले, त्यात धान्य निवडण्याचं कामही आहे. हो, आपण सुपात करतो तेच. बाईंनी आम्हाला तेच दिलं. ताटात तांदूळ, मूग आणि मसूर मिसळून ठेवायचे आणि वेगवेगळे करायला सांगायचं. पण सुरू करण्याआधी विचारायचं, "किती वेळ लागेल? किती दाणे चुकतील?" त्यांनी सांगितलेलं वहीत लिहायचं. काम झालं की घड्याळ बघायचं, दाणे मोजायचे आणि खरा आकडा त्याच्याखाली लिहायचा. बोलायचं काही नाही. टोमणा नाही, उसासा नाही, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" तर मुळीच नाही. दोन आकडे एकाखाली एक, आणि वही त्यांच्याच हातात.

पहिल्या दिवशी भाऊजी म्हणाले, पाच मिनिटं, एकही दाणा चुकणार नाही. लागली तेवीस मिनिटं, चुकले चौदा दाणे. ते म्हणाले, दाणेच बारीक होते. मी गप्प. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, दहा मिनिटं. सहाव्या आठवड्यात एका सकाळी ताट पुढ्यात घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, आज वीस तरी लागतील. रात्री झोप नाही झाली." मी पदर तोंडाला लावून आत गेले. तिसरी पायरी होती ती. दीड वर्ष आमच्या सगळ्यांच्या आरडाओरड्याने जे झालं नाही, ते मूठभर मसुरीने केलं.

तू आखणीचं असंच कर. कारखान्याच्या मालकांना एकट्याने भेट. म्हण, एक छोटी जुनी मूर्ती द्या, विकायची नसलेली. आधी नुसता अंगाचा रंग. सुरू करण्याआधी जावईबापूंनाच विचार, "किती वेळ लागेल? रंग कुठे बाहेर जाईल असं वाटतं?" झालं की त्यांनीच अपघाताआधी रंगवलेली मूर्ती शेजारी ठेव आणि त्यांनाच बघू दे. कारागिराची नजर सहजासहजी मरत नाही. ती नजर स्वतःकडे वळायला वेळ लागतो, एवढंच.

मोबाइलचाही उपयोग होतो. ऑस्ट्रेलियात २०१३ साली ५४ जणांवर एक अभ्यास झाला. डोक्याला मार लागलेल्यांना स्वयंपाक करायला लावला, त्याचं चित्रण केलं, आणि मग तज्ज्ञाने शेजारी बसून ते त्यांच्यासोबत पाहिलं. नुसतं तोंडी सांगितलेल्यांपेक्षा ज्यांनी स्वतःला पडद्यावर पाहिलं त्यांचं भान जास्त वाढलं. तूही चहा करतानाचं चित्रण कर, पण त्यांना विचारून. बघताना आधी त्यांना बोलू दे. आणि ते चित्रण कुणालाही पाठवू नकोस, सासरच्या ग्रुपवर तर नाहीच. माणसाची अब्रू गेली की सराव संपला.

कामात अडले की तीन गोष्टी लक्षात ठेव: थांब, सुचव, शाबासकी दे. आधी थोडं थांब, त्यांची चूक त्यांना सापडते का बघ. नाही सापडली तर अर्धंच सुचव, "पुढे काय घालायचं होतं बरं?" आणि जमलं की मनापासून कौतुक कर, लहान मुलाला करतात तसं नाही, जोडीदाराला करतात तसं. हात पुढे करून त्यांच्या हातातलं काम घ्यायचा मोह तुला दर वेळी होईल. तो आवर.

काही गोष्टींत मात्र सराव नाही, प्रयोग नाही. गाडीची किल्ली त्यातली पहिली. डॉक्टर लेखी हो म्हणेपर्यंत गाडी नाही. तू नाही म्हणू नकोस, डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांग आणि तो कागद पुढे कर, म्हणजे वाईटपणा तुझ्याकडे येत नाही. नदीवर, विहिरीवर, माडावर एकट्याने जाणं नाही. वास येत नसेल तर गॅस रात्री सिलिंडरपाशी बंद करायचा. आणि सही! आपल्या भागात जमिनीला भाव आलाय, सातबारा बघून माणसं दारात येतात. भान नसलेला माणूस "मला सगळं कळतं" म्हणत कुठेही सही करतो. घरातल्या दोघांनी वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही होणार नाही, हे घराचा नियम म्हणून ठरव, सगळ्यांसाठी. अपघाताच्या भरपाईचा दावा लवकर दाखल कर, आणि त्यात आठवण, राग, लक्ष यांतले बदल तज्ज्ञाकडून लिहून घे. मोडलेला पाय न्यायाधीशांना दिसतो, हे दिसत नाही.

कुठे जायचं म्हणशील, तर आधी पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी कर आणि मोठ्या ठिकाणी जायला चिठ्ठी माग. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची सरकारी. विचारताना नेमका शब्द वापर: "न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून तपासणी आणि पुनर्वसन हवं आहे." नुसतं "डोकं दुखतं" म्हटलंस तर गोळी देऊन परत पाठवतील. आणि जाताना तुला दिसलेले बदल एका वहीत टिपून ती घेऊन जा. जावईबापूंना विचारलं तर ते सगळं उत्तम आहे म्हणतील. डॉक्टरांनी त्यांचं ऐकायला हवं आणि तुझंही, पण वेगवेगळं.

आता जे सांगते ते फार महत्त्वाचं. एक दिवस त्यांना कळायला लागेल, आणि तेव्हा तुला वाटेल आता जिंकलो. आम्हालाही वाटलं. भाऊजी एकदा वाल सोलता सोलता म्हणाले, "वहिनी, मी आता पहिल्यासारखा राहिलो नाही ना?" मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. पण त्यानंतर ते जेवेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. इतके दिवस ज्या दुःखापासून त्यांच्या मेंदूने त्यांना लांब ठेवलं होतं, ते एकदम अंगावर आलं होतं. जाण वाढली की उदासीही वाढू शकते, हे या क्षेत्रातले अनेक जाणकार सांगतात. म्हणून ज्या दिवशी ते "माझं चुकतंय" म्हणतील, त्या दिवसापासून तू दुप्पट सांभाळ. जिवाचं काही बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नकोस. शेतीची औषधं कुलपात ठेव, त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. १४४१६ या टेली-मानस मदतवाहिनीच्या नंबरवर रात्री-अपरात्री मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो नंबर तुझ्यासाठीही आहे.

हो, तुझ्यासाठीही. तू रडतेस हे मला माहीत आहे. ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस घरात आहे आणि नाहीही. हे दुःख कुणाला सांगता येत नाही, कारण लोक म्हणतात, "वाचला ना? मग रडतेस कशाला?" रड. माझ्याजवळ रड. पण आठवड्यातली एक दुपार त्यांच्या भावाला घरी बसव आणि तू झोप. मुलाला जवळ घेऊन सांग, "बाबांच्या डोक्याला मार लागलाय, म्हणून त्यांना राग आवरत नाही. तुझ्यामुळे नाही." हे त्याला एकदा सांगून भागणार नाही, पुन्हा पुन्हा सांग. आणि त्यांचा हात उठलाच, तर मुलाला घेऊन बाजूला हो, शेजाऱ्यांना हाक मार, वेळ पडली तर ११२ ला फोन कर. त्यांची जखम समजून घेणं तुझ्याकडे आलं आहे. मार खाणं आलेलं नाही.

किती दिवस, असं विचारशील. पहिलं वर्षभर सुधारणा भराभर दिसते, मग वेग मंदावतो, पण म्हणून ती थांबतेच असं नाही. भाऊजी पुन्हा फिटर झाले नाहीत. आता ते गावच्या गिरणीत दळणाचे डबे सांभाळतात. डब्यावर नाव लिहिलेलं नसेल तर डबा हातात घेत नाहीत, कारण सरमिसळ होईल हे त्यांना माहीत आहे. शर्टाच्या खिशात वही असते. राग चढतोय असं वाटलं की स्वतःच उठून अंगणात जातात. पहिल्यासारखे झालेत का? नाही. पण आता ते स्वतःला ओळखतात, आणि माझ्या जावेला तिचा नवरा पुन्हा भेटला आहे, थोडा वेगळा.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे सगळं बोलले. १९७३ च्या युद्धानंतर इस्रायलमध्ये बेन-यिशाय नावाच्या मानसतज्ज्ञांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांना एकत्र बसवून उपचार सुरू केले. पुढे अमेरिकेत प्रिगाटानो यांनीही रुग्ण एकत्र आणले. दोघांच्याही कामातून एक गोष्ट दिसते: बायकोने सांगितलेलं टोचतं, डॉक्टरांनी सांगितलेलं कानावरून जातं, पण त्याच वाटेने गेलेल्या माणसाने सांगितलं तर ऐकलं जातं. आपल्या पेण-रोह्याकडे अशी बैठक मला माहीत नाही. पण आमच्याकडे एक माणूस आहे.

पुढच्या रविवारी जावईबापूंना घेऊन ये. वालाच्या शेंगा भरल्यात, पोपटी लावू. फार माणसं बोलावणार नाही, गोंगाट दोघांनाही सोसत नाही. आपली चार डोकी. पोपटी लावायचं काम भाऊजींचंच असतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरतात, शेंगा भरतात, मडकं उपडं करून जाळ लावतात. पोपटी शिजली की वास सुटतो. तो त्यांना येत नाही. मग ते मान वर करून, जराही न लाजता विचारतात, "वहिनी, वास सुटला का?"

जावईबापूंना त्यांच्या शेजारी बसव आणि तू माझ्याजवळ चुलीपाशी ये. बाकीचं ते दोघं बोलतील. सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर उभी असेन.